नऊ माणसे, आठ जाकिटे आणि मी

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. 'ग्रंथ' ही पदवी माझी मीच घेतली आहे. गावात मला 'थ्वेट मास्तरांचं ते निळं पुस्तक' एवढेच म्हणतात. पण वय झाले की जो तो स्वतःचा थोडा मान स्वतःच ठेवून घेतो, तसा मीही घेतला. माझी पाने दोनशे चौदा आणि चित्रे अठ्ठेचाळीस आहेत. चुका मोजायचे मी सोडून दिले आहे.

माझे पूर्ण नाव 'स्कारविकची माणसे: समुद्र, शिपाई आणि क्रिकेट'. स्कारविक म्हणजे उत्तर समुद्राच्या काठचे आमचे गाव. इथला वारा असा, की चर्चचा मनोरा दर शनिवारी माणसे लावून सरळ करावा लागतो, नाहीतर रविवारी पाद्री तिरका उभा राहतो. खोटे वाटत असेल तर पान बत्तीस बघा. तिथे हे लिहिलेले नाही, पण लिहायला हवे होते.

मला लिहिले हॉरेस थ्वेट मास्तरांनी. गावच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे, आणि शाळा सुटली की सायकल काढून दारोदार इतिहास गोळा करायचे. कोणाच्या आजाने कुठल्या लढाईत बोट गमावले, कोणत्या साली आमच्या अकरा जणांनी शेजारच्या गावाला नऊ धावांत गुंडाळले, कुठले जहाज कुठल्या खडकावर फुटले, हे सगळे ते वहीत उतरवून घ्यायचे. प्रत्येक घरात चहा व्हायचा. अकरा वर्षांत मास्तरांनी प्यायलेला चहा बंदरात ओतला असता तर ओहोटीला होड्या टेकल्या नसत्या. त्यातला एक कप माझ्या हस्तलिखितावर सांडला, आणि पहिल्या महायुद्धातली आमची एक अख्खी तुकडी त्यात बुडाली. नंतर मास्तरांनी ती आठवणीने पुन्हा उभी केली.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली मी शेजारच्या शहरात छापला गेलो, आणि तिथेच माझ्या हातून एक पाप घडले. खरे म्हणजे हात माझा नव्हता.

माझ्या शहाण्णवाव्या पानावर एक फोटो आहे. एकोणीसशे अकराच्या फेब्रुवारीत लाकडाने भरलेले एक नॉर्वेचे जहाज आमच्या खडकावर चढले होते. स्कारविकच्या कोळ्यांनी बचावाची होडी लोटली, आणि संध्याकाळ व्हायच्या आत अकरा खलाशी जिवंत आणले. होडी परत आल्यावर फोटोवाल्याने किनाऱ्यावर नऊ जण ओळीने उभे केले. मधोमध तांडेल जेबेझ मेनप्राइझ, दोन्ही बाजूंना चार-चार वल्हेकरी. फोटोच्या पाठीवर त्याने पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे नऊ नावे लिहून ठेवली.

छापखान्यात त्या फोटोची फिल्म लावायला एक अनुभवी कारागीर होता. तेवढ्यात चहाची घंटा झाली. इंग्लंडात चहाची घंटा झाली की राजाचा मुकुटही अर्धवट घडवून ठेवतात. गड्याने घाईत फिल्म पालथी लावली. डावीकडचे उजवीकडे गेले, उजवीकडचे डावीकडे आले. शिवाय खाली नावांना जागा पुरेना, म्हणून त्याने नऊ जणांना कमरेपासून कापून टाकले. मला सगळे दिसत होते. पण शाई ओली असताना पुस्तकाला बोलता येत नाही, आणि वाळल्यावर छापले आहे तेवढेच बोलता येते.

आता तुम्ही विचाराल, गावात कोणाला कळले कसे नाही? त्याचे असे आहे. फोटोतले चेहरे मसुरीएवढे. सगळे ओले, सगळे दाढीवाले, आणि सगळे एकमेकांचे मामे-चुलत भाऊ असल्यामुळे नाक एकाच साच्यातले. खात्रीने ओळखू येणारा एकटा तांडेल मेनप्राइझ, कारण त्याची पांढरी दाढी पोटापर्यंत. तो नऊ जणांत पाचवा. इकडून मोजा की तिकडून मोजा, पाचवा तो पाचवाच. जो तो पहिल्यांदा त्याला बघायचा, नाव जुळवायचा आणि निश्चिंत व्हायचा.

पण त्या फोटोत आणखी एक गोष्ट होती. आठ जणांच्या अंगात पाण्यावर तरंगवणारी बुचाची जाकिटे होती, आणि एकाच्या अंगात नुसता स्वेटर. माझ्या छापलेल्या चित्रात तो डावीकडून आठवा दिसत होता. यादीत आठवे नाव होते सेथ कोलबेक.

त्या दिवशी कोण कोण गेले याची नोंदवही पुढे पुराच्या पाण्यात वाहून गेली होती. मास्तर हिशेबी माणूस. छापखान्याने तपासायला पाठवलेला त्या पानाचा कच्चा छाप बघून त्यांनी चित्राखाली भर घातली, 'माणसे नऊ, जाकिटे आठ. यावरून सेथ कोलबेक किनाऱ्यावरच राहिला असावा आणि त्या दिवशी एक वल्हे रिकामे गेले असावे.' 'असावा' आणि 'असावे' हे दोन शब्द मास्तरांनी फार काळजीपूर्वक घातले होते. गावाने ते दोन्ही गाळून वाचले.

माझा गाजावाजा काय वर्णावा. सहाशे प्रती महिन्यात संपल्या. लग्नात आहेर म्हणून मी दिला जाई. दारूच्या गुत्त्यात पैज लागली की मला आणवत. एकदा एका बाईने गारांच्या माऱ्यात मला डोक्यावर धरले. गारा बदकाच्या अंड्याएवढ्या होत्या. त्यातल्या दोन अजून माझ्या क्रिकेटच्या प्रकरणात अडकलेल्या आहेत, म्हणून ती पाने थंड लागतात. आणि त्याच वर्षी गावात एक नवी म्हण रुजली. कोणी कामावर आला नाही, कोणाची खुर्ची रिकामी राहिली, की म्हणायचे, 'ते बघा, सेथचं वल्हं.'

सेथ कोलबेक वारून तेव्हा कितीतरी वर्षे झाली होती. पण त्याची मुलगी थर्झा गावातच होती. तिने लग्न केले नव्हते. ती कोळ्यांचे निळे, घट्ट विणीचे स्वेटर विणायची. माझ्या प्रकाशनाच्या दिवशी ती सभागृहात आली, मला हातात घेतले, शहाण्णवावे पान वाचले, मिटले आणि टेबलावर ठेवून निघून गेली. पुढची सत्तावीस वर्षे तिने मला हात लावला नाही. मासळीच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर ती म्हण तिच्या कानावर पडतच राहिली. म्हणणाऱ्यांच्या मनात काही नसायचे. हेच तर वाईट.

माझा मानही हळूहळू ओसरला. गावच्या ग्रंथालयात मी डोळ्यांच्या उंचीवर होतो, तो कंबरेवर आलो, मग गुडघ्याशी, मग सगळ्यात खालच्या फळीवर, खोली तापवणाऱ्या गरम नळाजवळ. डावीकडे एका पलटणीचा इतिहास, पाठ इतकी ताठ की त्याच्यावर रेलायची सोय नाही. उजवीकडे बुडालेल्या जहाजांची सूची, कायम खिन्न. आम्ही तिघे वाचकाची वाट बघत सुकत होतो.

मग दोन हजार एक साल उजाडले आणि गावाने ठरवले, की होड्या उतरवायच्या उतारावर दगड उभारायचा आणि त्या बचावाला गेलेल्यांची नावे त्यावर कोरायची. नावे कुठून घेणार? माझ्यातून. आठ नावे पाथरवटाकडे गेली. सोमवारी छिन्नी लागणार होती.

शुक्रवारी दुपारी थर्झा ग्रंथालयात आली. वय एक्याऐंशी, हातात लोकरीची पिशवी. ग्रंथपाल गेनॉर लगबगीने उठली.

"मिस कोलबेक, बसा ना. काय देऊ?"

"ते निळं. थ्वेटचं."

गेनॉर फळीपर्यंत गेली आणि वळली. गावात सगळ्यांनाच सगळे माहीत असते. "खरंच काढू?"

"काढ पोरी. दगडावर लिहिलं की मग मिटता येत नाही. त्याआधी एकदा नीट बघून घेते, माझा बाप कसा उभा आहे ते."

मला टेबलावर ठेवले. थर्झाने भिंग मागून घेतले आणि शहाण्णवाव्या पानावर वाकली. मित्रांनो, मला आजवर हजारोंनी वाचले. पण सगळ्यांनी चेहरे पाहिले आणि नावे पाहिली. ही बाई पन्नास वर्षे विणणारी. तिने सरळ स्वेटर पाहिले. जाकिटांच्या वर गळे दिसत होते, तिथे तिचे भिंग एकेका माणसावरून सरकत गेले. मग ते परत पहिल्यापासून सरकले.

"गेनॉर, इकडे ये. गळ्याची बटणं कुठल्या खांद्यावर दिसतात तुला?"

"उजव्या."

"सगळ्यांची?"

गेनॉरने मोजले. "सगळ्यांची. का?"

"स्कारविकमध्ये बटणं डाव्या खांद्यावर. उजव्यावरून दोर जातो, बटण रुततं. माझ्या आजीनं यातले चार स्वेटर विणलेत. ती मेली असती, पण उजवीकडे बटण लावलं नसतं."

"स्वेटर पाठपोट उलटा घातला असेल. पुढून मागून सारखाच असतो ना तो?"

"एकानं घातला असता. दोघांनी घातला असता, आदल्या रात्री कुठे बसले होते त्यावर आहे. पण नऊच्या नऊ जणांनी? आणि जेबेझ मेनप्राइझसुद्धा? तो तर आयुष्यात दारू प्यायला नाही, बिचारा." थर्झाने भिंग खाली ठेवले. "पोरी, हे चित्रच पालथं आहे. मास्तराला बोलाव. आणि सांग, मूळ फोटो घेऊन ये म्हणावं."

मला वाटले, माझी शिवण उसवेल. सत्तावीस वर्षे जे मला सांगता येत नव्हते, ते त्या बाईने बटणांवरून वाचले.

थ्वेट मास्तर आले. वय सत्त्याहत्तर, गळ्यात टाय, काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा. माझे सगळे फोटो त्या डब्यात राहायचे.

"थर्झा," ते खुर्ची ओढत म्हणाले, "फोटो पालथा छापला असता तर मला दिसलं नसतं का? मी इतिहासकार आहे."

"तू शाळेत पहिल्या दिवशी बूट उलटसुलट घालून आला होतास, हॉरेस. मीच ते काढून नीट घातले होते. तेव्हाही तुला दिसलं नव्हतं. डबा उघड."

गेनॉर खाली बघून कार्डे लावायला लागली.

मास्तरांनी डबा उघडला, फोटो काढला, माझ्या पानाशेजारी धरला. मग फोटो परत डब्यात ठेवला आणि झाकण लावले.

"पुसट झालाय," ते म्हणाले. "काही नक्की सांगता येत नाही."

मित्रांनो, तो क्षण मला अजून आठवतो. ज्याने मला जन्म दिला, तो माझ्यासमोर खोटे बोलत होता. आणि का, ते मला ठाऊक होते. चित्र सरळ केले की सेथ कोलबेक जाकीट घातलेल्यांत जाणार होता. आणि बिनजाकिटाचा माणूस जाणार होता डावीकडून दुसऱ्या नावावर. ते नाव होते ओबडाया थ्वेट. मास्तरांचा आजा. माझे बारावे प्रकरण पूर्ण त्याच्यावर आहे, एकवीस पाने. त्यात ओबडाया थ्वेट लाटांशी झुंजतो, लाटा माघार घेतात. मी एरवी थापा मारतो, पण ते प्रकरण मास्तरांनी अगदी मनापासून लिहिले होते.

थर्झाने घाई केली नाही. तिने पिशवीतून विणकाम काढले आणि दोन ओळी विणल्या. मग म्हणाली, "हॉरेस, मी सत्तावीस वर्षं ती म्हण ऐकतेय. कोणी हसून बोललं तर मीपण हसले. बाप कधी बोलायचा नाही. आई सांगायची की आठवडाभर त्याचे हात पट्टीत होते, चमचा धरता येत नव्हता. पण आईचं सांगणं दगडावर कोरत नाहीत. सोमवारी तो पाथरवट माझ्या बापाला वगळून कोरणार. आता परत एकदा बघ, आणि मग सांग, पुसट आहे का ते."

मास्तरांनी टाय सैल केला. डबा पुन्हा उघडला. या वेळी फोटो तिच्या हातात दिला.

"आठवा तुझा बाप," ते म्हणाले. "जाकीट घालून. दुसरा माझा आजा. पुसट काही नाही. स्वच्छ आहे." मग म्हणाले, "मीच पाथरवटाला फोन करतो. सेथ घाल म्हणतो, आणि ओबडाया काढ. मुलांना शिकवायचो ना मी, पुरावा बघा म्हणून. बारावं प्रकरण मात्र आता कोणी वाचू नये."

ते उठले. पण थर्झाचे लक्ष त्यांच्याकडे नव्हते. तिने भिंग परत घेतले होते. मूळ फोटोत माणसे पायापर्यंत उभी होती. छापखान्याने मला जिथे कापले, तिथून खाली ती पहिल्यांदाच बघत होती.

"बस खाली," ती म्हणाली.

"थर्झा, आता आणखी काय..."

"बस म्हटलं ना. हा तुझा आजा. स्वेटरचा काठ कुठे आहे त्याचा?"

मास्तर वाकले. "मांडीवर. ढगळ असेल."

"आमच्या गावात ढगळ स्वेटर कोणी घालत नाही. वारा शिरतो. कोरडी लोकर कमरेला घट्ट बसते. भिजली की जड होते आणि ओढत खाली जाते. नुसत्या पावसानं चार बोटं उतरते. इतका खाली काठ यायला छातीपर्यंत समुद्र लागतो, आणि तोही तासन् तास. बाकीच्यांचा बघ. जाकिटाखाली सगळ्यांचा तसाच. तुझ्या आज्याचा तर सगळ्यात खाली." तिने भिंग त्यांच्या हातात दिले. "हा माणूस किनाऱ्यावर उभा नव्हता, हॉरेस. नऊच्या नऊ गेले होते. आठवं वल्हं रिकामं नव्हतंच कधी."

"मग जाकीट कुठे गेलं त्याचं?"

"दिलं असेल कोणाला. अकरा माणसं पाण्यातून काढली, एखाद्याच्या अंगावर टाकलं असेल. घरी जाऊन आजीची बोलणी खाल्ली असतील, ती वेगळी."

ते जाकीट कुठे गेले, मित्रांनो, मलाही माहीत नाही. मी थापाड्या आहे, पण इथे थाप मारणार नाही.

मास्तर भिंगातून बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. "म्हणजे मी तुझ्या बापाचं नाव ज्याच्यावर चिकटवलं होतं, तोही गेला होता. नाव चुकलं नसतं, तरी मी चूकच होतो."

"हो," थर्झा म्हणाली. "पण लिहितोस छान."

मास्तर एवढे हसले की गेनॉरला त्यांना पाणी द्यावे लागले. मग त्यांनी तिच्याकडे पेन्सिल मागितली. ग्रंथालयाच्या पुस्तकात रेघ मारणाऱ्या किती पोरांचे कान या माणसाने पिळले असतील. गेनॉरने इकडेतिकडे बघून पेन्सिल दिली आणि खिडकीबाहेरचे सीगल मोजायला लागली. माझ्या शहाण्णवाव्या पानाच्या समासात मास्तरांनी लिहिले: 'चित्र पालथे. निष्कर्ष चूक. नऊही गेले. दाखवून दिले थर्झा कोलबेक हिने, लोकरीवरून.' खाली सही केली आणि तारीख घातली.

सोमवारी दगडावर नऊ नावे कोरली गेली. जागा आठांचीच आखलेली असल्यामुळे नववे नाव जरा दाटीवाटीने बसले. पाथरवट कुरकुरला. ते नाव कोणाचे ठेवायचे यावर मास्तर आणि थर्झा यांच्यात अर्धा तास वाद झाला. दोघांनाही ती शेवटची अडचणीची जागा आपल्याच माणसाला हवी होती. म्हण मात्र गावातून गेली नाही. छापलेले खोडता येते, बोललेले कोण खोडणार. फरक एवढाच, की आता कोणी म्हणाले की दुसरा कोणीतरी त्याला उतारावर नेऊन दगड दाखवतो.

मला थर्झाने त्याच शुक्रवारी घरी नेले. तिचे ग्रंथालयाचे कार्डच नव्हते, ते गेनॉरने उभ्या उभ्या करून दिले. तीन आठवडे मी तिच्या स्वयंपाकघरात होतो, धुरावलेल्या हेरिंग मासळीच्या आणि लोकरीच्या वासात. ती मला पहिल्या पानापासून वाचत होती, मोठ्याने, आणि दर पानाला भांडत होती. "हे खोटं." "हा माणूस असा बोललाच नसता." "हा झेल सुटला होता, मी तिथे होते." पण बारावे प्रकरण तिने दोनदा वाचले आणि एकदाही टोकले नाही. परत आणून देताना माझ्या समासात तिच्या बारीक अक्षरात सव्वीस दुरुस्त्या होत्या. आणि एकाही दुरुस्तीने मला दुखले नाही, यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पण बसवा.

म्हणून सांगतो, मित्रांनो. आमच्यासारख्या गावोगावच्या जुन्या पुस्तकांना जपा. पण काचेच्या कपाटात कुलूप लावून जपू नका. आणि एखाद्या पुस्तकाने तुमच्या माणसाबद्दल वाईट लिहिले असेल, तर रुसून त्याला मिटून ठेवू नका. ती बाई सत्तावीस वर्षांपूर्वी माझ्याशी आणखी पाचच मिनिटे भांडली असती, तर किती बरे झाले असते. खालच्या फळीशी वाका, आम्हाला काढा, उघडा आणि चांगले फैलावर घ्या. पेन्सिल तेवढी मऊ असू द्या. माझी पाने आता पातळ झाली आहेत.